पडद्यामागचा माग

सोलापुरी चादरीवरची वेलबुट्टी लांबून पाहणाऱ्याला सलग रेषांची आकृती वाटत असली, तरी मागावर ती कधीच सलग नसते. बाण्याचा एक आडवा धागा जाताना ताण्याच्या उभ्या धाग्यांपैकी कोणते वर उचलायचे आणि कोणते खाली ठेवायचे, अशा होय-नाहीच्या निर्णयांची ती हजारो वेळा केलेली मांडणी असते. हे निर्णय विणकराच्या हातून काढून यंत्राकडे सोपवण्याचे काम फ्रान्समधील लिऑन शहराच्या जोझेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या यंत्राने केले. त्या यंत्रात जाड पुठ्ठ्याची कार्डे साखळीसारखी एकमेकांना जोडलेली असतात. बाण्याच्या प्रत्येक फेरीला एक कार्ड पुढे येते, कार्डाला जेथे भोक असेल तेथे सुई आरपार जाते आणि तिच्याशी जोडलेला हूक धागा वर उचलतो, जेथे भोक नसेल तेथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा जागेवर राहतो. भोके पाडलेल्या याच कार्डांची कल्पना पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी उचलली, त्यामुळे संगणकाच्या इतिहासात जॅकार्डचे नाव नेहमी येते. भौगोलिक मानांकन मिळालेली चादर आजही याच तत्त्वावर विणणाऱ्या सोलापुरात ते नाव इतिहासाच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही, एवढाच काय तो फरक.

संगणकाचा पडदा हा याच जातीचा प्रकार आहे. सर्वसाधारण पडद्यावर १९२० उभे स्तंभ आणि १०८० आडव्या ओळी असतात, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके, आणि हे सर्व चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने उमटत असल्यामुळे दर सेकंदाला १२,४४,१६,००० ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. संगणकाच्या मुख्य प्रक्रियकाला हे काम जमत नाही असे नाही, पण ते त्याला दमवते. म्हणून या कामापुरता वेगळा प्रक्रियक असतो, ज्याला ग्राफिक्स कार्ड किंवा, तो मुख्य प्रक्रियकाच्याच चिपमध्ये सामावलेला असेल तर, अंगभूत ग्राफिक्स म्हणतात. संगणकातील कार्यक्रम या प्रक्रियकाशी थेट बोलत नाहीत. ‘येथे खिडकी काढ’, ‘हे अक्षर तेथे उमटव’ अशा सर्वसामान्य सूचना घेऊन त्यांचे त्या विशिष्ट कार्डाला कळणाऱ्या संकेतांत रूपांतर करणारा एक मधला कार्यक्रम असतो, आणि त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. जॅकार्डच्या परिभाषेत सांगायचे तर आलेखाच्या कागदावर नक्षी काढणारा डिझायनर आणि प्रत्यक्ष माग यांच्यामध्ये बसून कार्डाला भोके पाडणाऱ्या कारागिराचे जे काम, तेच ड्रायव्हरचे. या कारागिराला नक्षी कळली नाही तरी एकवेळ चालते. पण यंत्रातला कितवा हूक कोणता धागा उचलतो हे त्याला ठाऊक नसेल, तर उत्तम नक्षीचेही कापड बिघडते.

लिनक्स या संगणकप्रणालीवर पडद्याविषयी गेली पंचवीसएक वर्षे ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांचे मूळ बहुतांशी या एका वाक्यात आहे. प्रणाली नव्याने बसवल्यावर काळा पडदा दिसणे, चित्रफीत चालताना चित्र मधोमध फाटल्यासारखे होणे, लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडताच दोन्ही पडदे बंद पडणे, झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर यंत्र जागे न होणे, या सर्व प्रकारांवरून ‘लिनक्स अजून कच्चे आहे’ असा निष्कर्ष सहज काढला जातो, आणि वापरणाऱ्याच्या बाजूने पाहता तो अन्यायाचाही नाही, कारण काळ्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाला कारणाशी कर्तव्य नसते. तरीही हीच प्रणाली जगातील बहुसंख्य सर्व्हर आणि सर्व बलाढ्य महासंगणक बिनतक्रार चालवते, मग नेमकी पडद्यापाशीच ती का अडखळते, या प्रश्नाचे उत्तर प्रणालीच्या कच्चेपणात सापडत नाही. ते हुकांचा क्रम कोणाला ठाऊक होता आणि त्याने तो कोणाला सांगितला, यात सापडते.

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेले लिनक्स म्हणजे काटेकोर अर्थाने फक्त कर्नेल, म्हणजे प्रणालीचा तो गाभा, जो यंत्राचे सर्व भाग ताब्यात ठेवून बाकीच्या कार्यक्रमांना ते वापरू देतो. याचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला असून ड्रायव्हरही त्याच मजकुराचा भाग म्हणून त्यात सामावून घेतले जातात. कर्नेलची नवी आवृत्ती साधारण नऊ ते दहा आठवड्यांनी येते, आणि तिच्या आतले सांधे, म्हणजे कर्नेल व ड्रायव्हर एकमेकांना ज्या ठिकाणी जोडले जातात त्या जागा, प्रत्येक आवृत्तीत बदलू शकतात. हा निष्काळजीपणा नाही, हे जाणूनबुजून ठरवलेले धोरण आहे; कर्नेलचे ज्येष्ठ विकासक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी तर आतले सांधे कायमचे गोठवण्याची मागणी निरर्थक कशी आहे, हे सांगणारे टिपण कर्नेलच्या कागदपत्रांतच ठेवले आहे. जो सांधा बदलेल त्याने त्यावर अवलंबून असलेले सर्व ड्रायव्हरही त्याच वेळी दुरुस्त करायचे, असा घरचा नियम असल्यामुळे घरात राहणाऱ्याला या बदलांचा त्रास होत नाही. त्रास होतो तो घराबाहेर राहून सांध्याला जोडू पाहणाऱ्याला, म्हणजे आपल्या ड्रायव्हरचा मूळ मजकूर न उघडता फक्त तयार माल पुरवणाऱ्या कंपनीला, आणि तिच्याहून अधिक तिच्या ग्राहकाला. रात्री प्रणाली अद्ययावत झाली आणि सकाळी पडदा काळा आला, या तक्रारीची यंत्रणा बहुतेक वेळा हीच असते: कर्नेल बदलले, बाहेरचा ड्रायव्हर जुन्याच सांध्याच्या मापाचा राहिला. त्यावर डीकेएमएस नावाची सोय काढण्यात आली, जी नवे कर्नेल येताच ड्रायव्हरचा सांध्यापुरता भाग आपोआप पुन्हा बांधते. पण नव्या संगणकांत ‘सिक्युअर बूट’ ही सही तपासणारी सुरक्षाव्यवस्था असते, आणि घरी बांधलेल्या त्या भागावर तिला मान्य अशी सही नसल्यास ती तो भाग दाराशीच अडवते. एका अडचणीची सोय दुसऱ्या अडचणीचे कारण ठरण्याचा हा प्रकार या क्षेत्रात इतका नित्याचा आहे की त्याचे कोणाला नवल वाटत नाही.

ग्राफिक्सच्या बाजारात मुख्यतः तीन कंपन्या आहेत आणि तिघींची वाट वेगळी झाली. इंटेलने आपल्या अंगभूत ग्राफिक्सचे ड्रायव्हर खुलेपणाने कर्नेलमध्येच विकसित केले, त्यामुळे ज्या संगणकाला वेगळे कार्ड नाही त्याच्यावर लिनक्सचा पडदा सहसा गुपचूप चालतो. या वाटेवर एक खड्डा मात्र होता. २००८ च्या सुमारास स्वस्त, छोट्या लॅपटॉपांत आलेला जीएमए ५०० हा ग्राफिक्स भाग नावाने इंटेलचा असला, तरी त्याची रचना इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज या दुसऱ्याच कंपनीची होती आणि तिने ती उघड केली नव्हती. इंटेलच्या नावावर विसंबून यंत्र घेणाऱ्यांना ‘बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर’ असे म्हणण्याचीही सोय उरली नाही. एएमडीने २००६ मध्ये एटीआय ही ग्राफिक्स कंपनी विकत घेतली आणि २००७ मध्ये कार्डांच्या रचनेची माहितीपत्रके खुली करण्याचे जाहीर केले. त्यानंतरही कित्येक वर्षे तिचा जुना बंदिस्त ड्रायव्हर आणि नवा खुला ड्रायव्हर असा दुहेरी संसार चालला, आणि त्या काळात एएमडीचे कार्ड लिनक्सवर घेणे हा धाडसाचाच भाग समजला जाई. परंतु २०१५ मध्ये एएमडीजीपीयू हा नवा ड्रायव्हर कर्नेलमध्ये दाखल झाल्यावर चित्र पालटले. २०२२ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम डेक हे हातात धरून खेळायचे यंत्र लिनक्सवर बाजारात आणले तेव्हा त्यात एएमडीचाच प्रक्रियक होता. ज्या प्रणालीवर साधा पडदा लागत नाही अशी ख्याती होती, तिच्यावर विंडोजसाठी लिहिलेले खेळ खेळले जाऊ लागले, आणि या मधल्या काळात कर्नेलची आतले सांधे बदलण्याची रीत तसूभरही बदललेली नव्हती.

तिसरी कंपनी एनव्हिडिया. तिचा ड्रायव्हर वेगाच्या दृष्टीने उत्तम, पण दीर्घकाळ पूर्ण बंदिस्त राहिला. कंपनी हुकांचा क्रम सांगत नाही म्हटल्यावर काही स्वयंसेवकांनी २००५-०६ च्या सुमारास नूव्हो हा खुला ड्रायव्हर लिहायला घेतला, आणि त्यांची पद्धत विणकराला ओळखीची वाटावी अशी होती: बंदिस्त ड्रायव्हर चालू असताना तो कार्डाच्या कोणत्या कप्प्यात कोणता आकडा लिहितो याची नोंद घ्यायची, मग चित्रात एकच लहानसा बदल करून पुन्हा नोंद घ्यायची आणि दोन नोंदींतल्या फरकावरून त्या कप्प्याचा अर्थ ताडायचा. एकेक भोक बदलून कापडाकडे पाहत यंत्राचा नकाशा काढण्यासारखेच हे काम होते. ते चिकाटीने चालले असतानाच, २०१४ च्या अखेरीपासून आलेल्या कार्डांनी कंपनीची सही असलेले फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या पोटात चालणारा छोटा कार्यक्रम, मागायला सुरुवात केली. त्याशिवाय कार्डाचा वेग वाढवता येत नसल्यामुळे नूव्होवर ती कार्डे सुरू होतानाच्या मंद गतीवरच राहिली. नकाशा हाती आला तरी कुलपाची किल्ली कारखान्यातच होती.

त्याच्या काही वर्षे आधीच लॅपटॉपांत ऑप्टिमस नावाची जोडरचना रूढ झाली होती, तिच्यात वीज वाचवण्यासाठी हलके काम इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सकडे आणि जड काम एनव्हिडियाच्या कार्डाकडे जाई. विंडोजवर ही अदलाबदल आपोआप होई, लिनक्सवर प्रथम होतच नसे. ती पोकळी भरण्यासाठी २०११ मध्ये बंबलबी हा स्वयंसेवी प्रकल्प उभा राहिला, आणि त्याच वर्षी त्याच्या स्थापना-कार्यक्रमात एक नमुनेदार चूक झाली: जुनी फाइल पुसण्याच्या आज्ञेत एक मोकळी जागा चुकून अधिक पडली, त्यामुळे ‘यूएसआर’ या मूळ कप्प्याच्या आतली एक फाइल पुसली जाण्याऐवजी तो अख्खा कप्पाच, म्हणजे प्रणालीचे जवळजवळ सर्व कार्यक्रम, पुसला जाऊ लागला. चूक लगेच सुधारली गेली, पण तिच्याकडे केवळ विनोद म्हणून पाहणे पुरेसे नाही. ज्या कामाची जबाबदारी यंत्र विकणाऱ्याची होती ते काम फावल्या वेळात करणाऱ्यांच्या अंगावर पडले की चुकीचा भुर्दंडही वापरणाऱ्यालाच बसतो, हे त्या एका मोकळ्या जागेत दिसते. पुढच्याच वर्षी, जून २०१२ मध्ये, फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात श्रोत्यांतील एका स्त्रीने ऑप्टिमसविषयीच प्रश्न विचारला, तेव्हा टोरवाल्ड्सने एनव्हिडियाला उद्देशून कॅमेऱ्यासमोर मधले बोट दाखवले आणि जोडीला एक शिवी हासडली. सभ्य म्हणता येणार नाही असे ते कृत्य दस्तऐवज म्हणून मात्र मोलाचे आहे, कारण त्यात प्रणालीच्या जनकाचीही हतबलता उघड झाली. एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नेलशी जोडणारा भाग खुला केला तो मे २०२२ मध्ये, आणि तोही फक्त २०१८ पासूनच्या ट्युरिंग व त्यापुढच्या पिढ्यांपुरता.

ड्रायव्हरचा प्रश्न इथे सुलभतेच्या प्रश्नाला जाऊन मिळतो. पूर्वी डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या, पट्ट्या आणि चिन्हे असलेला दर्शनी भाग, ग्राफिक्स कार्डाकडून फारसे काही मागत नसे. २०११ मध्ये ग्नोम ३ आणि उबंटू या लिनक्सच्या आवृत्तीचा युनिटी हे दोन नवे डेस्कटॉप आले आणि दोघांनीही खिडक्या रंगवण्यासाठी कार्डाच्या त्रिमितीय क्षमतेचा आधार घेतला. ज्या यंत्रावर ड्रायव्हर धड नव्हता त्यावर आतापर्यंत फक्त खेळ अडत होते. आता फाइल उघडणेही अडू लागले, किंवा तेच काम मुख्य प्रक्रियकाकडून करवून घेण्याच्या तोडग्यामुळे अख्खे यंत्र रखडू लागले. शिवाय सवयीची सर्व बटणे जागा सोडून गेली होती. याला कंटाळून अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने जुना ग्नोम २ पुढे चालू ठेवण्यासाठी माटे हा डेस्कटॉप सुरू केला, तर उबंटूने २०१७ मध्ये युनिटी सोडून देण्याचे जाहीर केले. दरम्यान १९८७ पासून चालत आलेल्या एक्स ११ या पडदा-व्यवस्थेची जागा घेण्यासाठी २००८ मध्ये सुरू झालेले वेलँड हळूहळू रुळत होते, आणि खिडकीचे चित्र स्मृतीत कोणत्या रीतीने ठेवायचे यावर एनव्हिडिया एका बाजूला आणि बाकी सर्व दुसऱ्या बाजूला असा वाद कित्येक वर्षे चालल्याने त्याचा हप्ताही पडदा लुकलुकण्याच्या रूपाने एनव्हिडियाच्या ग्राहकांनीच भरला. सामान्य माणसाला ‘कोणता डेस्कटॉप, कोणती पडदा-व्यवस्था, कोणता ड्रायव्हर’ असे तीन प्रश्न विचारले जाणे हे स्वातंत्र्याचे लक्षण म्हणून मिरवले जाते. ज्याला फक्त अर्ज टंकायचा आहे त्याच्या दृष्टीने ती परीक्षा असते.

लिनक्सवर गंभीर चित्रकाम होतच नाही, असा समज यातून झाला असेल तर त्याला छेद देणारे उदाहरण विणकामाच्याच क्षेत्रात आहे. स्लोव्हेनियाच्या ल्युब्लियाना शहरातील अराहने या कंपनीचे अराहवीव्ह हे जॅकार्ड आणि साध्या विणीच्या कापडाची रचना करणारे व्यावसायिक सॉफ्टवेअर लिनक्सवर वाढले. डिझायनर पडद्यावर जे कापड पाहतो तेच पुढे इलेक्ट्रॉनिक जॅकार्डच्या हुकांपर्यंत पोहोचायचे असल्यामुळे अशा कामात पडदा विश्वासाचा असणे ही चैन ठरत नाही. येथे लिनक्स टिकले याचे कारण वापरणारा ठरावीक आहे, काम ठरावीक आहे, आणि कोणते यंत्र घ्यायचे हे आधी सांगणारा कोणीतरी आहे. बाजारातून मिळेल ते यंत्र उचलून त्यावर मिळेल ती प्रणाली घालणाऱ्याला हा सांगणारा माणूस मिळत नाही.

सोलापूरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी सर्वसामान्य कारकुनी कामासाठी लिनक्स आले ते न्यायालयाच्या दारातून. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने २००७ पासून राबवल्या गेलेल्या ई-कोर्ट्स प्रकल्पात जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी उबंटू स्वीकारले आणि खटल्यांच्या नोंदी ठेवणारी सीआयएस ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे कार्यालयाने मुक्त साधनांवर तयार केली. न्यायाधीशांना आणि कर्मचाऱ्यांना उबंटूचे प्रशिक्षणही दिले गेले. अशा सरकारी खरेदीतल्या कार्यालयीन यंत्रांना वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची गरज नसते, त्यामुळे पडद्याचे अर्धे दुखणे खरेदीच्या कागदावरच टळते. मराठी न्यायालयात खरी कसोटी निराळ्या जागी होती. महाराष्ट्रात कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी, आणि मराठी टंकलेखन म्हणजे टंकयंत्रावर बोटे बसलेल्या पिढीचा रेमिंग्टन कळफलक. संगणकाने पुढे केलेला इन्स्क्रिप्ट कळफलक शास्त्रशुद्ध असला, तरी मिनिटाला चाळीस शब्दांच्या परीक्षेसाठी घडलेली बोटे शास्त्राचे ऐकत नाहीत. त्यात वर्षानुवर्षांचा मजकूर युनिकोड ही सर्व लिपींची समान संकेतव्यवस्था रुळण्यापूर्वीच्या श्री-लिपीसारख्या फाँटांत साठलेला. अशा फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवरच मराठी आकृत्या बसवलेल्या असल्यामुळे तो फाँट नसलेल्या यंत्रावर त्याच फाइलीत निव्वळ रोमन चिन्हांचा चिखल दिसतो.

अक्षर पडद्यावर उमटणे हेही शेवटी चित्रकामच असते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतला अर्धचंद्रासारखा रफार मराठीला हवा असतो, हिंदीला नको असतो. म्हणून युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्ता असलेल्या ‘ऱ’चा वेगळा संकेत वापरला जातो, आणि तो संकेत, त्यापुढचा हलन्त व ‘य’ यांची मिळून एक आकृती करण्याचे काम अक्षरजुळणीच्या लायब्ररीला, म्हणजे इतर कार्यक्रम वापरतात त्या तयार संचाला, करावे लागते. ‘ॲ’ला तर स्वतंत्र संकेत मिळायला २००८ साल उजाडावे लागले. लिनक्सवर हा भाग सुधारण्याचे श्रेय बऱ्याच अंशी रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पुण्यातील भाषा-चमूला जाते. लोहित हे मुक्त फाँटही रेड हॅटनेच खुले केले आणि वाढवले. हार्फबझ ही अक्षरजुळणीची लायब्ररी फायरफॉक्स आणि लिबरऑफिसमध्ये स्थिरावल्यावर मराठी जोडाक्षरे फुटण्याची तक्रार पुष्कळ कमी झाली. हे घडू शकले, कारण मराठी अक्षर कसे जुळते हे कोणा एका कारखान्याचे गुपित नव्हते. ज्याला ते ठाऊक होते त्याला दुरुस्ती करण्याची मुभा होती. सुलभतेच्या तक्रारी आणि ड्रायव्हरच्या तक्रारी एकाच दमात केल्या जातात, पण पहिल्यांवर पुण्यात बसून उपाय करता येतो, दुसऱ्यांवर येत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला, आणि विंडोज ११ च्या अटी न पुरवणाऱ्या, एरवी धडधाकट यंत्रांना लिनक्स ही सरळ वाट उरली. त्यांपैकी अंगभूत इंटेल ग्राफिक्सची यंत्रे त्या वाटेने निमूट जातील. परंतु त्याच वयाच्या यंत्रांत डिझाइन, छपाई किंवा खेळासाठी घातलेले एनव्हिडियाचे कार्ड असेल, उदाहरणार्थ २०१६ च्या पास्कल पिढीतले जीटीएक्स १०५०, तर ते नेमके दोन दारांच्या मध्ये सापडते: बंदिस्त ड्रायव्हरची ५८० ही मालिका त्या पिढीला आधार देणारी शेवटची ठरली आहे, कंपनीने खुला केलेला भाग ट्युरिंगच्या आधीच्या कार्डांना लागू पडत नाही, आणि नूव्होला त्या पिढीच्या कार्डाचा वेग वाढवायला लागणारी सही अजूनही मिळालेली नाही. कार्ड बिघडलेले नाही, पंखा फिरतो आहे, पडदाही लागतो. फक्त नूव्होवर माग सुरू झाला त्याच गतीवर चालत राहतो.